धुतलेल्या बाटल्या

आमच्या फ्रीजच्या मधल्या फळीवर दुधाचं पातेलं असायचं, दह्याचं भांडं असायचं आणि त्या दोघांच्या मध्ये तलावाच्या तळाचा गाळ असायचा. काळाकुट्ट, लिबलिबीत, बरणीत घट्ट बंद केलेला. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला ते कसलंतरी वाटण वाटलं होतं. झाकण उघडलं आणि सडक्या अंड्यांचा असा भपकारा आला, की मी तशीच बेसिनकडे धावले. मागून सासूबाई आल्या. माझी पाठबीठ काही त्यांनी चोळली नाही. बरणी उचलून उजेडात धरली आणि म्हणाल्या, "उघडलीस? हवा गेली आत. आता हिचा उपयोग नाही." सुनेचं स्वागत असं झालं.

मी रुग्णालयात काम करते. शस्त्रक्रियेची हत्यारं जिथे उकळून, वाफेत घालून निर्जंतुक करतात, त्या खोलीत. स्वच्छता हा माझा धंदा आहे, आणि घाणीची मला खरोखरची किळस आहे, दाखवायची नाही. तर माझ्या नशिबी ही बाई आली. कॉलनीतली पोरं त्यांना गाळबाई म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं, याचाच मला जास्त राग यायचा.

सासूबाई पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होत्या. सासरे लवकर गेले, तेव्हा माझा नवरा शाळेतही जात नव्हता. त्याला त्या सोबत कामावर न्यायच्या आणि तो काचेच्या नळ्यांच्या खडखडाटात पाढे पाठ करायचा. निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक फिरायला जातात, यांनी मागच्या बाल्कनीत प्रयोगशाळा थाटली. उंच, हडकुळ्या, आवाज दोन घरं पलीकडे जाईल असा. बोटांची टोकं कायम तपकिरी. आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ती बोटं तशीच आहेत, माझ्या नव्याकोऱ्या साडीच्या खांद्यावर ठेवलेली.

आणि या बाईला साबणाची किळस यायची. मला गाळाची येते तशीच, अगदी नाक मुरडून. त्यांच्या बाटल्या त्या पातळ आम्लाने धुवायच्या, मग ऊर्ध्वपातित पाण्याने, मग बाल्कनीतल्या फळीवर पालथ्या घालायच्या. साबणाचा हात लागला की बाटली बाटली, असा कडक सोवळ्याचा कारभार. मी पहिल्यांदा विचारलं, "आई, नुसत्या पाण्याने कशा हो स्वच्छ होतील?"

"तुझी स्वच्छ वेगळी, माझी स्वच्छ वेगळी," त्या म्हणाल्या. "तुझ्या कपड्यांच्या पावडरीत फॉस्फरस आहे. मी पाण्यातला फॉस्फरस मोजते. आता बाटलीलाच तो चिकटलेला असला तर मी काय मोजणार, तुझी धुणी?"

"मग राखेने घासा."

"राखेतही असतो."

"तुमच्याकडे फॉस्फरस नसलेलं काही आहे का?"

"तुझ्या हाडात आहे, दातात आहे. डोक्यात आहे की नाही, तपासावं लागेल." एवढं बोलून त्या खो खो हसल्या. आमच्या घरातले विनोद हे असे.

तलाव आमच्या कॉलनीच्या मागे आहे. आजूबाजूच्या सगळ्या इमारतींचं धुण्याभांड्यांचं पाणी एका नाल्यातून त्यात जातं. पांढरा फेस बुजबुजत जातो, मी रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. त्या पाण्यातल्या फॉस्फरसवर शेवाळ माजतं, तलाव हिरवागार होतो, मग ते शेवाळ मरतं, सडतं, आणि सडताना पाण्यातली हवा खाऊन टाकतं. मासे गुदमरतात. हे सगळं मला जेवताना ऐकावं लागायचं. घास तोंडात आणि समोर सडण्याचं वर्णन.

तलाव मासेमारीसाठी एका होडीवाल्याने करारावर घेतलेला होता. तो, त्याची बायको, भाऊ, भावजय, सगळं बिऱ्हाड त्या माशांवर. सासूबाईंना गाळ काढायला तोच घेऊन जायचा. तलावाच्या मधोमध जाऊन या एक नळी तळात खुपसायच्या आणि वर ओढायच्या. तो म्हणायचा, "ताई, मी मासे काढतो तर लोक नावं ठेवतात, तुम्ही चिखल काढता तर लोक मॅडम म्हणतात." त्याचा त्यांच्यावर भारी विश्वास. पाण्याच्या बाबतीत ताईंचा शब्द म्हणजे शेवटचा.

तलावात गंजाची पावडर टाकायची, ही मूळ कल्पनाही सासूबाईंचीच. लोखंडाच्या गंजाला फॉस्फरस चिकटतो, हे त्यांना प्रयोगशाळेत पहिल्या वर्षापासून माहीत होतं. शेजारच्या बाई कुंडीतल्या लाल मातीत ओंजळभर खत घालायच्या आणि झाड काही वाढायचं नाही; सासूबाई त्यांना जिन्यात गाठून सांगायच्या, की तुमच्या मातीतलं लोखंड ते खत धरून बसलंय, झाड उपाशीच आहे. तर हा गंज जितका बारीक करावा तितका त्याचा पृष्ठभाग वाढतो. साखरेचा खडा आणि पिठीसाखर, तसं. डोळ्याला दिसणार नाही इतके बारीक कण केले, तर चिमूटभर भुकटी बादलीभर पाण्यातला फॉस्फरस ओढून घेते आणि घेऊन तळाशी बसते. त्यांनी ते बादलीत करून दाखवलं होतं. पाणी काचेसारखं नितळ झालं. कॉलनीच्या तलाव समितीचे लोक टाळ्या वाजवून गेले.

तलाव समितीचे अध्यक्ष हे एक प्रकरण होतं. बोलताना खिशातलं स्वतःचंच कार्ड काढायचे, त्याच्या कोपऱ्याने दात कोरायचे आणि तेच कार्ड समोरच्याच्या हातात द्यायचे. ते आमच्या घरी आले की मी दोन दिवस सोफ्यावर बसायची नाही. इतक्या बारीक कणांसाठीचा 'नॅनो' हा शब्द त्यांना फार आवडला. पोटातल्या गॅसच्या गोळ्याही नॅनो मिळतात का, असं त्यांनी सासूबाईंना गंभीरपणे विचारलं होतं. तलावाजवळ फलक लागला, त्यावर अध्यक्षांचा फोटो मोठा, तलावाचा लहान आणि 'नॅनो' सगळ्यांत मोठा. नाला वळवण्याचं काम समितीच्या यादीत पहिलं होतं. ते हळूच शेवटी गेलं आणि मग दिसेनासं झालं. पावडर आहे ना, मग नाला कशाला खोदायचा.

तिथे सासूबाईंच्या मनात पाल चुकचुकली. बादली उघडी होती. तलावाच्या तळाला उन्हाळ्यात हवा पोचत नाही. वारा पडला, ऊन तापलं, की तळाचं पाणी मुडद्यासारखं पडून राहतं. हवा संपली की गंज गंज राहत नाही, त्याची पकड सुटते आणि धरून ठेवलेला सगळा फॉस्फरस तो पाण्यात सोडून देतो, असा त्यांना संशय आला. नाला चालूच राहिला तर तळाशी वर्षभराची साठवण होणार आणि ती एकदम वर येणार. त्यांनी गाळ, तलावाचं पाणी आणि पावडर बरण्यांत भरली, झाकणं मेण लावून बंद केली आणि काळ्या फडक्यात गुंडाळून स्वतःच्या पलंगाखाली ठेवली. दीड महिना. उन्हाळा सुरू झालेला. त्या खोलीतून जाताना मी पदर नाकाला लावायची.

याच दिवसांत आमची दोघींची धुसफूस विकोपाला गेली. एकदा तर न्हाणीघरात आम्लाचं घमेलं ठेवलेलं, मी त्यात पाय घालता घालता वाचले. मग मी जे बोलले ते सगळ्या जिन्याने ऐकलं. सासूबाईंनीही आवाज चढवला. माझा नवरा मध्ये उभा राहून दोघींना "हळू, हळू" करत होता. भांडण नको, हे त्याचं एकमेव तत्त्व. हॉटेलात भाजीत झुरळ निघालं तर तो ते पानाच्या कडेला सारून उरलेलं जेवतो, वाढणाऱ्याला वाईट वाटायला नको म्हणून. सुरुवातीला मला हे गोड वाटायचं. माणसाला काय काय गोड वाटतं.

पावडर टाकायची की नाही हे ठरवणारी समितीची सभा दोन दिवसांवर आली, तेव्हा सासूबाईंनी पलंगाखालून बरण्या काढल्या. त्या दिवशी मीही बाल्कनीत उभी होते, कारण त्यांनी मला हाक मारली होती. "ये, बघ तरी, नाक दाबून बघ." त्यांनी सगळ्या बरण्यांची झाकणं फोडली, वरचं पाणी गाळून छोट्या बाटल्यांत घेतलं. एका बाटलीत नुसतं शुद्ध पाणी भरलं, तुलनेसाठी. मग प्रत्येकीत औषधाचे थेंब. फॉस्फरस असेल तर पाणी निळं होतं, जितका जास्त तितकं गडद. नुसत्या पाण्याची बाटली कोरी राहायला हवी.

पहिली निळी झाली. दुसरी, तिसरी. सासूबाईंनी माझा दंड पकडला, त्याच तपकिरी बोटांनी. "बघ. सुटला. सोडला गंजाने. नाला बंद केल्याशिवाय इलाज नाही, आता यांना ऐकावंच लागेल." त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी पाहिला नव्हता. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग आम्ही दोघींनी एकदमच शेवटच्या बाटलीकडे पाहिलं. नुसतं शुद्ध पाणी होतं तीत. तीही निळी होत होती.

त्यांनी ती बाटली उचलली, वास घेतला. बाटली इतकी चकचकीत होती की उजेडात डोळ्यांवर येत होती. "या कोणी धुतल्या?"

नवरा दारात येऊन उभा राहिला, जरा हसतच. "मीच. परवा तुमचं भांडण झालं ना, म्हटलं आपण मदत करावी. कपड्यांच्या पावडरीत भिजवल्या रात्रभर. मग खूप पाण्याने खळबळल्या. होत्या तशाच पालथ्या घातल्या. कशा लखलखीत झाल्या की नाही?"

प्रयोगशाळेत वाढलेला मुलगा. साबणाची बाटाबाट लहानपणापासून पाहिलेला. मला वाटलं, आता सासूबाई याला उभा चिरणार. त्या खाली बसल्या फक्त. कपड्यांची पावडर काचेला चिकटून राहते, कितीही खळबळली तरी. बरण्या उघडल्या होत्या, त्यांत हवा शिरली होती, वरचा थर आत्ताच लालसर व्हायला लागला होता, म्हणजे गंज फॉस्फरस पुन्हा धरायला लागला होता. नव्याने करायचं तर आणखी दीड महिना.

"आई, ती शेवटची बाटली ओतून टाक," नवरा म्हणाला. "कोणाला कळतंय? बाकीचं तर तुझ्या मनासारखंच आलंय ना."

"यातलं तलावाचं किती आणि तुझ्या पावडरीचं किती, ते सांग. मग ओतते."

"असं काय करतेस. बरं, मग मी सभेत सांगतो. मी धुतल्या, आईची चूक नाही, म्हणून. मग थांबतील ते."

"सांगशील?"

"सांगतो ना."

सभा कॉलनीच्या हॉलमध्ये झाली. पंख्याखाली अध्यक्ष, मागे फलक, बाजूला पावडरीची पिंपं रचलेली. आधीच आणून ठेवली होती. होडीवाला पहिल्या रांगेत बसला होता, कारण त्याची संमती लागणार होती. सासूबाई उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, की मला संशय आहे, उन्हाळ्यात तळाचा फॉस्फरस सुटेल. आधी नाला वळवा. आकडे माझ्याकडे आज नाहीत, बाटल्यांना साबण लागला होता, चाचणी बाद करावी लागली. दीड महिना द्या.

अध्यक्ष कार्डाने दाढ कोरत होते. त्यांनी कार्ड बघितलं, पुसलं, खिशात ठेवलं. "म्हणजे ताई, आधी पावडर चांगली म्हणालात. आता नको म्हणता. आणि का, तर बाटल्या नीट धुतल्या नाहीत."

"नीट धुतल्या, हीच अडचण आहे."

सगळा हॉल हसला. अध्यक्षही हसले, मान हलवत, मोठ्या मायेने. "वयाप्रमाणे होतं असं. आमच्या आईचंही व्हायचं. चष्मा डोक्यावर आणि शोधतेय घरभर." पुन्हा हशा. त्यात शेजारच्या कुंडीवाल्या बाईही होत्या.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो माझ्या बाजूलाच होता. मी कोपर मारलं. तो समोरच्या खुर्चीच्या पाठीवरचा रंग नखाने खरवडत होता. मी पुन्हा मारलं. "आता बोललो तर उगाच वाढेल," तो कुजबुजला. "नंतर भेटून सांगतो अध्यक्षांना." सासूबाई अजून उभ्याच होत्या. त्यांनी मागे वळून एकदा पाहिलं. मग त्या माझ्याकडेही न बघता बसल्या. मी उठणार होते, तोवर अध्यक्षांनी होडीवाल्याला विचारलंही.

तो खुर्चीवरून उठला. मग सासूबाईंना म्हणाला, "ताई, नुसत्या संशयावर मी किती थांबू? पाणी आत्ताच हिरवं पडतंय. तुम्ही ठाम सांगा. टाकू नका म्हणा, मी नाही म्हणतो."

"ठाम सांगायला माझ्याकडे काही नाही," त्या म्हणाल्या.

त्याने होकार दिला. पुढच्या आठवड्यात अध्यक्षांनी होडीत उभं राहून पहिलं पिंप ओतलं, फोटो निघाले. तलाव थोडे दिवस विटेच्या रंगाचा झाला आणि मग खरंच निवळला. त्या उन्हाळ्यात तर वारा होता, काही झालं नाही. वर्षभर पाणी नितळ. लोक सकाळी काठावर दीर्घ श्वास घ्यायला यायला लागले. अध्यक्ष दिसले की सासूबाईंना हात जोडायचे, "काय ताई, सुटला का फॉस्फरस?" आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून फेस बुजबुजत जातच होता. सासूबाईंनी पुन्हा बरण्या भरल्या, पुन्हा निळा रंग आला, या वेळी नुसत्या पाण्याची बाटली कोरी राहिली. त्यांनी ते समितीला नेऊन दाखवलं. नितळ तलावासमोर निळी बाटली कोण बघतो.

पुढच्या उन्हाळ्यात वारा पडला. पानसुद्धा हलत नव्हतं. एका सकाळी खिडकी उघडली तर तलावावर हिरवा तैलरंग ओतावा तशी साय आली होती. बघता बघता ती जाड झाली, तिला बुडबुडे आले, काठाला निळसर-हिरवा चिकट थर बसला. मग ती सडली. वास खिडक्या बंद करूनही यायचा, उशीला यायचा, पाण्याच्या घोटाला यायचा. आणि मग मासे वर आले. पांढरी पोटं, उघडी तोंडं, डोळ्यांच्या जागी माश्या. इतके, की काठाकाठाने पाणी दिसत नव्हतं. मी रुग्णालयात कुजलेले पाय पाहिले आहेत, पण खिडकीतून ते बघून मला बेसिन गाठावं लागलं. अध्यक्षांनी रुमाल नाकाला लावून सांगितलं, की निसर्गापुढे इलाज नाही.

दोन दिवसांनी होडीवाला आमच्या दाराशी आला. मासे फावड्याने ओढून खड्ड्यात पुरून आला होता. अंगाला तोच वास. आत ये म्हटलं तर आला नाही. सासूबाई दाराशी गेल्या. नवरा नुकताच अंघोळ करून टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला होता, तो तिथेच थांबला.

"ताई, एकच विचारायचंय. त्या दिवशी बाटल्या नीट असत्या, तर तुम्ही मला ठाम सांगितलं असतंत?"

"हो."

"नका टाकू म्हणून?"

"नाला वळेपर्यंत नका टाकू म्हणून. हो."

त्याने चौकटीला हात लावला होता, तो काढून घेतला. "मग बाटल्या खराब कोणी केल्या?"

मी नवऱ्याकडे बघत होते. टॉवेल डोक्यावर होता, हात थांबले होते. सासूबाईंनी मागे पाहिलं नाही. या वेळी त्यांनी वाटच बघितली नाही.

"माझ्याकडून झालं," त्या म्हणाल्या.

होडीवाला एक पाऊल मागे सरकला. "दुसऱ्या कोणाकडून झालं असतं तर मी समजू शकलो असतो," तो म्हणाला. "तुमच्याकडून?" आणि जिना उतरून गेला. त्यानंतर तो त्यांच्याशी कधी बोलला नाही. तो तलाव सोडून गेला, कुठे गेला ते आम्हाला माहीत नाही.

सासूबाई बाल्कनीत गेल्या. नवऱ्याने सुस्कारा सोडला, टॉवेल दोरीवर नीट पसरला, कडा जुळवल्या. "बरं झालं, आईने वाढवलं नाही," तो मला म्हणाला. "उगाच तमाशा झाला असता. चल, वाढतेस? भूक लागलीय."

त्याच्या अंगाला साबणाचा वास येत होता, ताजा, सुगंधी. मी ताट घेतलं. मीच घासलं होतं, चेहरा दिसेल असं लखलखीत. ते त्याच्यापुढे ठेवलं आणि पदर नाकाला लावला. मी फ्रीज उघडला, मधल्या फळीवरच्या गाळाच्या बरणीवर जरा वेळ हात ठेवला, मग दही काढलं आणि त्याला वाढलं.